सावेली बेटावरची विहीर

दिग्विजयचा फोन वाजला तेव्हा सुकन्याचं लक्ष ब्युरेटच्या काचनळीच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबावर होतं. करमाळ्याकडच्या एका बोअरच्या पाण्यात क्षार किती, हे त्या थेंबावर ठरणार होतं. पिवळं पाणी विटकरी झालं की थांबायचं. एक थेंब जास्त पडला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. फोन वाजून वाजून थांबला. थेंब पडला, पाणी विटकरी झालं. तिनं आकडा वहीत लिहिला, हात धुतले आणि मग फोन लावला.

“आत्या, आपला पणजोबा इंटरन्याशनल झाला की!” दिग्विजय पलीकडून ओरडला.

“तुझा पणजोबा, माझा आजोबा. काय झालं ते नीट सांग.”

दिग्विजय म्हणजे तिच्या थोरल्या चुलत्यांचा, आण्णांचा नातू. मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, जिथं पाऊस आला तर आला, नाहीतर ढग दाखवून कर्नाटकात निघून जातो, त्या त्यांच्या गावचा तो दोन वर्षांपासून सरपंच होता. गावच्या शाळेला नवी कमान बांधली होती आणि तिला नाव द्यायचं ठरलं होतं ‘क्रांतिवीर सिद्धराम प्रवेशद्वार’. कमान उभी होती, रंगाऱ्यानं अक्षरं काढायची बाकी होती, आणि येत्या रविवारी आण्णांच्या हातानं फीत कापायची होती. आण्णा पंच्याऐंशीचे होते. “बापाचं नाव तितं बगितलं की मी सुटलो,” असं ते वर्षभर येईल त्याला सांगत होते.

सिद्धरामची गोष्ट त्या घरातल्या प्रत्येक पोरानं ऐकली होती. सिद्धराम विहिरी खोदायचा. बेचाळीस साली लष्कराला खोदकाम जाणणारी माणसं हवी होती, त्यांत तो गेला. आगबोटीनं त्याला समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर नेलं. तिथं गोऱ्यांचा किल्ला होता आणि किल्ल्यात एकच विहीर. सिद्धरामनं त्या विहिरीत मीठ कालवलं. पाणी खारट झालं आणि गोरे तोफा टाकून पळाले. सिद्धरामला लष्करानं काढून टाकलं, तसा कागद दिला. तो कागद आण्णांनी काचेत बसवून घेतला होता. ‘पाणीपुरवठा जाणूनबुजून बिघडवल्याबद्दल बडतर्फ,’ अशी त्यावर इंग्रजीत एक ओळ होती, आणि बेटाचं नाव: सावेली.

दिग्विजयनं कमानीची जाहिरात म्हणून त्या कागदाचा फोटो फेसबुकवर टाकला होता. तो फिरत फिरत खुद्द सावेली बेटावर पोहोचला. तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी दिग्विजयला पत्र लिहिलं होतं. जुन्या किल्ल्याची डागडुजी करून त्या लहानसं संग्रहालय उभं करत होत्या. विहिरीजवळ एक फलक लागणार होता: ‘सिद्धराम नावाच्या हिंदी मजुरानं या विहिरीत मीठ टाकलं, त्यामुळे १९४४ मध्ये किल्ला सोडून द्यावा लागला.’ तुमच्या घरातही हीच हकीकत आहे का, एवढंच बाईंना विचारायचं होतं. फलक महिनाअखेर तयार व्हायचा होता.

“तू नुसतं इंग्रजीत लिहून दे, व्हय, खरं हाय म्हणून,” दिग्विजय म्हणाला. “रविवारी आण्णाच्या हातात ते पत्र देतो, सगळ्यांसमोर. तिकडं पण पाटी, हिकडं पण पाटी. आत्या, म्हातारा हवेत चालंल बघ!”

“लिहिते,” सुकन्या म्हणाली आणि फोन ठेवून पुन्हा ब्युरेटपाशी गेली.

पण दुसरा नमुना घेता घेता तिचा हात थांबला. ही गोष्ट ती पन्नास वर्षं ऐकत होती. त्यांतली बत्तीस वर्षं ती याच प्रयोगशाळेत, सोलापूर जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्यात क्षार किती ते मोजत होती. आणि तरी एक साधा प्रश्न तिच्या मनात कधी आला नव्हता. विहीर खारट करायला मीठ किती लागतं?

तिनं बेटावरच्या बाईंना ‘हो’ लिहिलं नाही. किल्ल्याच्या पाण्याची काही नोंद शिल्लक आहे का, असं विचारलं. बुधवारी सकाळी उत्तर आलं. सोबत एक्केचाळीस फोटो होते.

पहिले काही फोटो किल्ल्याचे. सुकन्याच्या डोळ्यांपुढं किल्ला म्हणजे बुरूज, तट आणि तटावर गोरे शिपाई असंच काही होतं. प्रत्यक्षात ते होतं प्रवाळ जाळून केलेला चुना आणि सिमेंट यांचं एक बसकं, करडं बांधकाम, वाळूत अर्धं गाडलेलं. दोन तोफा, दारूगोळ्याची कोठी, एक शोधदिवा आणि नारळीपेक्षा जेमतेम उंच असा टेहळणीचा मनोरा. बाईंनी थोडक्यात सगळं लिहिलं होतं. सिंगापूर पडल्यावर इंग्रजांना आपल्या जहाजांची भीती वाटू लागली. सावेलीला प्रवाळाच्या कड्याआड शांत, खोल पाणी होतं, तिथं जहाजांना थांबून तेल घेता येत होतं, म्हणून त्या पाण्याच्या तोंडावर हा किल्ला बांधला. बेटावरच्या लोकांना उत्तरेच्या टोकाला हलवलं. साठ माणसं दोन वर्षं तिथं समुद्राकडं डोळे लावून बसली. शत्रू आलाच नाही. सगळ्या युद्धात तोफ एकदाच खरोखरच्या रागानं उडाली, तीही पाण्यावर वाहत आलेल्या रिकाम्या तराफ्यावर, आणि नेम चुकला.

सुकन्याला हसू आलं. तिनं तो परिच्छेद दोनदा वाचला. मग बेटाची लांबीरुंदी पाहिली. लांबी दीड मैल, रुंदी जेमतेम पाव मैल. जमिनीची उंची सगळीकडं सहा-सात फूट. डोंगर नाही, ओढा नाही, खडक नाही. सगळी वाळू आणि प्रवाळाचा चुरा. मग तिथं गोडं पाणी येतंच कुठून? तिनं खुर्ची पुढं ओढली.

उरलेले फोटो एका नोंदवहीचे होते. किल्ल्यावरच्या दवाखान्यातला कोणी मदतनीस रोज सकाळी विहिरीचं पाणी तपासायचा. अक्षर लहान, सरळ, खाडाखोड नाही. तारीख, पाण्याची खोली, पंप किती तास चालला आणि शेवटच्या रकान्यात क्षार, लाखात किती भाग. तपासणीही तीच, चांदीच्या क्षाराच्या द्रावणाची. पिवळ्याचं विटकरी झालं की थांबायचं. ऐंशी वर्षांपूर्वी समुद्रातल्या एका ठिपक्यावर कोणीतरी रोज सकाळी तोच थेंब पाहत बसत होतं. त्या माणसाचं नाव वहीत कुठं नव्हतं. सुकन्याला त्याच्यावर एकदम भरवसा वाटला.

संध्याकाळी घरी तिनं आकडे आलेखाच्या कागदावर घातले. हे काम संगणकावर झालं असतं, पण हातानं ठिपके मांडताना ते आपल्याशी बोलतात असा तिचा अनुभव होता.

डिसेंबर १९४३ पर्यंत विहीर नऊ फूट खोल होती आणि आत अडीच फूट पाणी. क्षार लाखात बारा भाग. मंगळवेढ्यातल्या निम्म्या विहिरींपेक्षा गोड. जानेवारीत पाणी कमी पडू लागलं, कारण किल्ल्याला नुकतीच न्हाणीघरं बांधली होती आणि पंप जास्त चालत होता. १० जानेवारीला नोंद होती: ‘सिद्धराम आणि दोन माणसांनी विहीर खोल करायला घेतली.’ १३ जानेवारीला: ‘आणखी सहा फूट खोल केली. भरपूर पाणी. कमांडरसाहेबांनी सिद्धरामला शाबासकी म्हणून कांबळं दिलं.’

त्यानंतर नऊ दिवस लाखात बारा, तेरा, बारा. मग पंधरा. मग एकोणीस. फेब्रुवारीच्या मध्यावर साठ. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एकशे साठ. माणसांची पोटं बिघडली, चहा नासू लागला, आणि मार्चअखेर जहाज येऊन सगळ्यांना घेऊन गेलं.

चढ हळूहळू होता. मीठ टाकलं असतं तर आकडा एका दिवसात उडी मारून वर गेला असता आणि पंप चालेल तसा उतरला असता. सुकन्यानं दुसऱ्या बाजूनंही हिशेब करून पाहिला. मार्चमध्ये रोज तीन हजार गॅलन पाणी उपसलं जात होतं. तेवढं पाणी तेवढं खारट करायला रोज तेहतीस-चौतीस किलो मीठ लागलं असतं. रोज, महिनाभर. आणि नोंदवहीच्या मागच्या पानावर कोठीतलं सामान लिहिलं होतं, त्यात अख्ख्या किल्ल्याला महिन्याला मिठाचं एक पोतं.

आणखी एक गोष्ट तिला खटकत होती. वर चढणाऱ्या रेषेला दर काही दिवसांनी एक खाच पडत होती. आकडा थोडा खाली यायचा, पुन्हा चढायचा. तिनं खाचांच्या तारखा काढल्या, चव्वेचाळीस सालचं कॅलेंडर शोधलं आणि पेन्सिल खाली ठेवली. सगळ्या खाचा सोमवारी सकाळी होत्या. रविवारी पंप बंद असायचा.

पंप थांबला की मीठ उतरत होतं. मीठ वरून पडत नव्हतं. खालून येत होतं.

आता तिला सगळं दिसलं, आणि दिसलं त्याचा आनंद झाला. तो आनंद दोन-तीन मिनिटंच टिकला. कारण पुढच्याच फोटोत चौकशीचा कागद होता. विहिरीचं काम कुणी केलं, या प्रश्नाला सिद्धरामनं दिलेलं उत्तर तिथं इंग्रजीत लिहिलेलं होतं: ‘खोदकाम माझंच. त्या दोघांचा काही दोष नाही. पाणी माझ्या हातानं बिघडलं.’ त्याखाली शेरा होता, ‘कबुली मिळाली.’

इंग्रजांनी लिहिलं ते खोटं होतं. आणि आण्णांनी आयुष्यभर सांगितलं, ते तेच खोटं होतं. आता ते रविवारी कमानीवर चढणार होतं.

*

शनिवारी सकाळी ती एस्टीनं गावाला गेली. पिशवीत आलेख होता.

आण्णा गोठ्यापुढं बाजेवर बसले होते आणि रेश्मा, म्हणजे दिग्विजयची बायको, त्यांना नवा फेटा बांधून बघत होती.

“ढिला बांध गं,” आण्णा म्हणाले. “उद्या फीत कापायची हाय, मुंडकं न्हाय.”

“ढिला बांधला की भाषनात डोळ्यावर येतोय,” रेश्मा म्हणाली. “मग म्हनशिला लाईट गेली. या आत्या, बसा. च्या ठेवते.”

“आली का तू!” आण्णांचा चेहरा फुलला. “आनलंस पत्र? वाच, वाच. इंग्रजीतच वाच आदी. कानाला गोड लागतंय का बगू.”

सुकन्यानं बसता बसता दिग्विजयकडं पाहिलं. तो मोटारसायकल पुसत होता. तिनं सरळ सांगायचं ठरवलं. फिरवून सांगणं तिला येत नव्हतं.

“आण्णा, पत्र अजून पाठवलं नाही. आजोबांनी विहिरीत मीठ टाकलं नव्हतं.”

फेट्याचा शेव रेश्माच्या हातातच राहिला.

“कोन म्हनतंय?” आण्णा म्हणाले.

“पाण्याची वही म्हणते. किल्ल्यावर रोज लिहिलेली.”

“गोऱ्यांची वही.”

“गोऱ्यांचा कागद तर म्हणतो टाकलं होतं. तो तुम्ही काचेत लावलाय.”

दिग्विजयला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. आण्णांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. “मग पानी खारट कसं झालं? आपुआप?”

“दाखवते. रेश्मा, एक काचेची बरणी दे. मीठ दे, दोन मुठी. आणि मेंढरांवर खूण करायचा लाल रंग आहे ना?”

“हाय की. मेंढ्यांला औषध पाजायची पिचकारी बी हाय, पायजे का?”

“तीच हवी.”

सुकन्यानं बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी घेऊन त्यात मीठ विरघळवलं आणि चिमूटभर लाल रंग टाकला. मग पळी उलटी धरून तिच्या पाठीवरून साधं पाणी थेंबथेंब सोडलं. ते लाल पाण्यात मिसळलं नाही. वर निराळं राहिलं, दुधावर साय राहावी तसं.

“हे बेट समजा,” ती म्हणाली. “सगळी वाळू. खाली चारी बाजूंनी समुद्राचं पाणी मुरलेलं. वर पाऊस पडतो, तो वाळूतून खाली जातो आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. खारं जड, गोडं हलकं. त्या बेटावर गोडं पाणी आहे ते एवढंच. ही साय.”

आण्णा बाजेवरून पुढं झुकले. आण्णांनीही उमेदीची वीस वर्षं विहिरीच घेतल्या होत्या. या पट्ट्यातल्या बत्तीस विहिरींना त्यांचा हात लागला होता. पाणी म्हटलं की त्यांची मान आपोआप खाली वाकायची.

“खाली खडक न्हाय?”

“नाही.”

“मुरूम?”

“काही नाही. वाळू आणि पाणी.”

सुकन्यानं पिचकारीचं टोक वरच्या पाण्यात बोटभर बुडवून हळू ओढलं. स्वच्छ पाणी आलं. “ही पहिली विहीर. नऊ फूट. आता पाणी कमी पडलं. आजोबांनी काय केलं असेल?”

आण्णांनी उत्तर द्यायला क्षणही घेतला नाही. “खाली गेला आसंल. एक परूस.”

परूस म्हणजे एका माणसाएवढी उंची. या भागात विहिरीची खोली अशीच मोजतात, आणि पाणी कमी पडलं तर दुसरा उपायच माहीत नाही. झरा बारीक झाला, जा खाली. खडक लागला, सुरुंग लाव, जा खाली. पाणी खाली असतं, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही.

“एक परूस,” सुकन्या म्हणाली. “सहा फूट.” तिनं पिचकारीचं टोक खाली, लाल पाण्याच्या जरा वरपर्यंत नेलं आणि जोरानं ओढलं. खालून लाल पाण्याचा एक उंचवटा वर उठला, टोकाला भिडला आणि पिचकारीत लाल धार आली.

आण्णांनी हात पुढं केला. पिचकारी घेतली, टोक लाल रंगाच्या दोन बोटं वर ठेवलं आणि अगदी हळू ओढलं. तरी लाल आलं.

“टोकानं रंगाला हात न्हाई लावला,” ते म्हणाले. “तरी वर आला.”

“वरच्या गोड्या पाण्याची पातळी बोटभर उतरली की खालचं खारं चाळीस बोटं वर चढतं. वजनाचा हिशेब असतो तो. तिथले लोक म्हणून खोल विहीर घेतच नाहीत. उथळ खड्डे करतात आणि एकातून थोडंच पाणी काढतात.”

“आनि माझ्या बापाला ते कुनी सांगितलं न्हाय.”

“तिथल्या लोकांना आधीच उत्तरेला हाकललं होतं. सांगणार कोण?”

आण्णांनी पिचकारी खाली ठेवली. मग एकदम त्यांचा आवाज चढला. “म्हंजे माझा बाप येडा व्हता म्हन की! साठ मानसांचं पानी त्यानं घालवलं, आनि ते बी गोऱ्यांची चाकरी मन लावून करताना! हे सांगायला आलीस व्हय सोलापुरातनं?”

“वेडा नव्हता, आण्णा. इथला होता.”

“आत्या, आता ऱ्हाऊ दे की,” दिग्विजय मध्ये पडला. “ऐंशी वर्सं झाली. दोन्हीकडचे लोक एकच सांगत्यात. कुनाचं काय बिघाडतंय? पत्रिका वाटून झाल्या. रंगारी दुपारी येतोय.”

सुकन्याकडं सांगण्यासारखं होतं ते सांगून झालं होतं. आलेख तिनं पिशवीतच राहू दिला. रेश्मानं चहाचे कप आणून ठेवले. आण्णांनी कपाला हात लावला नाही. ते बरणीकडं बघत होते. लाल रंग आता सगळीकडं पसरू लागला होता.

“त्रेपन्न सालची गोष्ट,” ते म्हणाले. आवाज खाली आला होता. “पानी आटलं. सगळ्या गावानं इहिरी खाली घेतल्या. आमच्या बापानं न्हाई घेतली. तालुक्यात त्याच्याएवढा खांदनारा न्हवता, आनि सोताच्या इहिरीत उतरंना. म्हनायचा, हाय तेवढं बास. आई लई बोलली त्याला. मी बारा-तेरा वर्सांचा. दुसऱ्यांच्या इहिरीवरनं घागरी आनताना लाज वाटायची. म्हनायचो, गोऱ्यांला घाबरला न्हाई आनि ह्यो आता काय दगडाला घाबरतोय?”

रेश्मानं कप त्यांच्या जवळ सरकवला.

“शाळंत मास्तरनं त्याला बोलवलं व्हतं एकदा. स्वातंत्र्य मिळाल्यावर. मीठ टाकल्याची गोष्ट मास्तरनंच सांगितली, हार घातला. बाप उठून गेला. हार घालूनच गेला, रानात. मी म्हनलं, लाजला.” आण्णांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. “मी पंच्याऐंशीचा झालो, अन् मला वाटायचं लाजला.”

मग त्यांनी एकदम विचारलं, “ती इहीर आता कशी हाय?”

हे सुकन्यानं बाईंना आधीच विचारलं होतं. “गोड झाली. पंप गेला आणि दोन पावसाळ्यांत गोड झाली. बेटावरचे लोक परत आले तेव्हापासून तिचंच पाणी पितात. अर्धी बुजवून घेतली त्यांनी.”

“दोन पावसाळ्यांत.” आण्णांनी बोटांवर मोजलं. “म्हंजे सेहेचाळीस साली. बाप गेला एकाहत्तर साली. पंचवीस वर्सं. त्याला कुनी कळवलं आसंल का?”

“कोण कळवणार?”

“कुनी न्हाई कळवलं,” आण्णा म्हणाले, आणि बाजेच्या कडेला धरून उठले. “दिग्या. रंगाऱ्याला सांग, क्रांतिवीर लिवू नको.”

“आण्णा!”

“मी बहिरा न्हाय, वरडू नको. ते खोटं नाव कमानीवर चढलं की पुसायला मी नसनार. बापानं आयुष्यभर ते अंगाला लावून घेतलं न्हाय. मी त्याच्या डोक्यावर ठिवू?”

“मग काय लिहायचं?”

“सिद्धराम. इहीर खांदनारा.”

दिग्विजयनं मोटारसायकलवर कपडा आपटला. “शाळंच्या कमानीवर? लोक हसतील आण्णा. पाहुणं काय म्हनतील?”

“हसू द्या की,” रेश्मा म्हणाली. “क्रांतिवीरांच्या कमानी तालुक्यात पायलीला पन्नास. इहीर खांदनाऱ्याची एक तरी दावा. आन् गावात पानी पितंय ते कुनी खांदल्यालं? पाहुण्यानं?”

“तू रंगाऱ्याला चहा दे, अक्कल मला नको देऊ,” दिग्विजय म्हणाला. पण त्यानं खिशातून फोन काढला आणि गोठ्यामागं जाऊन बोलू लागला. बराच वेळ त्याचे हातवारे दिसत होते.

आण्णा पुन्हा बसले. थंड झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला. “हं, आता त्या बाईला लिव. मी सांगतो, तू इंग्रजी कर.”

सुकन्यानं फोन उघडला.

“लिव की, मीठ टाकलं न्हवतं. इहीर खोल केली, म्हनून खारट झाली. आमच्याकडं पानी कमी पडलं की खाली जायाची रीत हाय. तुमची रीत त्यांला म्हाईत न्हवती. आनि बरूबरच्या दोघांचा दोष न्हवता, हे त्यांनी सांगितल्यालं बी लिव.” ते थांबले. सुकन्याची बोटं थांबेपर्यंत वाट पाहिली. “तुमच्या लोकांला दोन वर्सं परत यून खारट पानी प्यावं लागलं आसंल तर, तेवढं आमच्याकडनं झालं. तसं लिव.”

तिनं तसं लिहिलं, सोबत आलेखाचा फोटो जोडला. वाचून दाखवलं. आण्णांनी मान हलवली, पण हात वर करून तिला थांबवलं.

“आनि एक इचार. त्यांच्यात इहीर खांदताना थांबायचं कुटं, ते कसं कळतं? खाली खडक न्हाय, झरा न्हाय. मग मानूस कशावरनं थांबतो?”

रविवारी कमानीची फीत कापली. पाहुणे खरंच हसले, पण भाषणात दिग्विजयनंच ती सगळी गोष्ट सांगितली, बरणी आणि पिचकारीसकट, आणि ती सांगताना त्याला मधूनच रंग चढला. बाईंचं उत्तर मंगळवारी आलं. फलकाचा मजकूर त्यांनी बदलला होता. सिद्धरामचं नाव तसंच होतं, मीठ गेलं होतं, आणि सोमवारच्या खाचांचा आलेख शेजारी लावायला त्यांनी परवानगी मागितली होती. खाली आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर होतं.

सुकन्यानं प्रयोगशाळेतून फोन लावला. नमुने रांगेत उभे होते, पण ते थांबू शकत होते.

“आण्णा, त्या म्हणतात, खोदणारा खड्ड्यात उभा राहतो. पाणी गुडघ्याला लागलं की थांबायचं. त्याखाली कुणी जात नाही.”

पलीकडं आण्णा हसू लागले. मोकळं, खोकला येईपर्यंत.

“गुडघाभर! आगं, आमच्यात गुडघाभर पान्याला इहीर म्हनत न्हाईत, डबकं म्हनत्यात. माझा बाप ते बगून काय म्हनला आसंल, मला हितं ऐकू येतंय.” त्यांनी दम घेतला. मग त्यांचा आवाज बदलला. तो आता खोदणाऱ्याचा आवाज होता. “पर थांब. गुडघा कुनाचा? उंच मानसाचा का बुटक्याचा? सा फुटी मानूस उतरला तर वीतभर खाली जाईल की. इचार बरं तिला.”

सुकन्यानं समोरची वही जवळ ओढली आणि प्रश्न लिहून घेतला.